एका सेंटचं पुस्तक: बेटर वर्ल्ड बुक्सच्या धंद्याची उकल

२०१० च्या आसपास ॲमेझॉनच्या अमेरिकी साइटवर जुन्या कादंबऱ्यांसमोर एक किंमत सर्रास दिसायची: एक सेंट. तेव्हाच्या दराने आपले पन्नास पैसेही नाहीत. ही किंमत घर आवरायला काढलेल्या कुणा हौशी माणसाने लावलेली नसे. लाखो पुस्तकांची गोदामं बाळगणाऱ्या कंपन्या ती लावत आणि त्यावर धंदा करत.

हिशेब मांडून पाहिला की गंमत कळते. गिऱ्हाईक पुस्तकाचा एक सेंट आणि टपालापोटी ठरलेले ३.९९ डॉलर देई. एकूण चार डॉलर. त्यातले १.३५ डॉलर ॲमेझॉन आधीच कापून घेई. विक्रेत्याच्या हाती उरत २.६५. एक पुस्तक पोस्टाच्या खिडकीवर नेऊन पाठवलं तर अडीच डॉलरच्या आसपास खर्च. पण रोज हजारो पाकिटं पिनकोडप्रमाणे लावून टपालखात्याच्या हवाली करणाऱ्याला दर बराच कमी पडे. या दोन दरांमधल्या फटीत जे काही सेंट उरत, त्यातच पाकीट, पगार, गोदामाचं भाडं आणि नफा. हौशी विक्रेत्याला तेही नशिबी नव्हतं, कारण त्याच्याकडून ॲमेझॉन दर पुस्तकामागे आणखी ९९ सेंट घेई. महिन्याचे ३९.९९ डॉलर भरणाऱ्या व्यावसायिकाला ती कापणी माफ होती.

म्हणजे पैसा टपालखर्चातून सुटत होता. आणि हे गणित एकाच अटीवर जमतं: पुस्तक खरेदीला शून्य रुपये पडलं पाहिजे. त्यावर पाच सेंट जरी मोजावे लागले तरी फट बुजायला लागते. मग लाखोंच्या संख्येने फुकट पुस्तकं मिळवायची कुठून? या प्रश्नाला ज्यांनी सगळ्यात चतुर उत्तर शोधलं, त्या बेटर वर्ल्ड बुक्सचं हे प्रकरण.

तीन पोरं आणि क्रमिक पुस्तकं

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात साउथ बेंड नावाचं गाव आहे, तिथे नोटर डेम विद्यापीठ. डॉट-कॉमचा फुगा फुटून नोकऱ्या आटल्या होत्या तेव्हाची गोष्ट. झेवियर हेल्गेसन आणि क्रीस फुक्स या दोघांनी सत्र संपल्यावर नकोशी झालेली क्रमिक पुस्तकं ऑनलाइन विकून पाहिली आणि पैसे बरे सुटतात हे त्यांच्या लक्षात आलं. तिसरा जेफ कर्ट्झमन आर्थिक बाजू पाहायला आला. २००२ साली त्यांनी विद्यापीठाच्या आवारात पुस्तकं गोळा करण्याची मोहीम काढली. मिळकतीतला वाटा रॉबिन्सन कम्युनिटी लर्निंग सेंटर या गावातल्याच शिक्षण केंद्राला द्यायचा ठरलं. सुमारे २,००० पुस्तकं जमली. पुढच्या वर्षी विद्यापीठाच्या व्यवसाय-आराखडा स्पर्धेत त्यांच्या कल्पनेला सामाजिक उद्योगाचं बक्षीस मिळालं.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. क्रमिक पुस्तक विकत घ्यायला गेलं तर विद्यार्थी पैसे मागतो. तेच पुस्तक 'साक्षरतेसाठी द्या' म्हटलं की फुकट देतो, वर स्वतः उचलून आणून देतो. समाजकार्य हा या कंपनीच्या धंद्याला नंतर लावलेला रंग नव्हता. खरेदीची किंमत शून्यावर आणणारी यंत्रणा तीच होती. कुणी याला ढोंग म्हणेल. मला ते तसं वाटत नाही, कारण पैसे खरोखर दिले गेले. पण नुसता परोपकार म्हणून ही गोष्ट सांगितली तर ती अर्धीच राहते.

कंपनी जवळच्या मिशावाका गावात मोठ्या गोदामात गेली. स्कॉटलंडमध्ये डनफर्मलिनला दुसरं गोदाम निघालं. काही काळ जगभर फुकट टपालाने पुस्तक पाठवण्याची सोय होती; भारतातल्याही पुष्कळ वाचकांनी तिचा लाभ घेतला.

ग्रंथालयांची अडचण

विद्यार्थ्यांकडची पुस्तकं वर्षातून दोनदा येणार. बारमाही झरा सापडला तो ग्रंथालयांत.

प्रत्येक जिवंत ग्रंथालयाला दरवर्षी जुनी पुस्तकं काढावी लागतात, नाहीतर नव्यांना फळी उरत नाही. आपल्याकडे त्याला निर्लेखन म्हणतात. काम आवश्यक, पण लोकांच्या नजरेस पडलं की फजिती. १९९६ साली सॅन फ्रान्सिस्कोचं सार्वजनिक ग्रंथालय नव्या इमारतीत गेलं, तेव्हा हजारो पुस्तकं कचऱ्यात गेल्याचं उघड होऊन मोठा गदारोळ झाला होता. कचरापेटीत पडलेल्या पुस्तकाचा फोटो कोणत्याही ग्रंथपालाला नको असतो. करदात्याच्या पैशातून घेतलेली वस्तू फेकली, असा त्याचा सरळ अर्थ लावला जातो.

बेटर वर्ल्ड बुक्सने या ग्रंथपालांना सांगितलं की खोकी भरा, आम्ही पाठवलेली चिठ्ठी चिकटवा, वाहतूक आमच्याकडे. विकलं गेलेल्या पुस्तकातला ठरावीक वाटा तुम्हाला, काही वाटा साक्षरता संस्थेला, आणि जे विकलं जाणार नाही ते आम्ही दान करू किंवा लगद्याला पाठवू. कचऱ्यात जाणार नाही. ग्रंथपालाच्या दृष्टीने यातले पैसे दुय्यम होते. खरी किंमत शेवटच्या आश्वासनाला होती.

चाळणी

खोकं गोदामात आलं की पहिलं काम मलपृष्ठावरचा बारकोड स्कॅन करणं. १९७० पासून रुळलेला आणि २००७ च्या आरंभी दहाचा तेरा आकडी झालेला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या प्रत्येक आवृत्तीचा ओळख क्रमांक, हा या सगळ्या उद्योगाचा कणा. नंबर वाचताच संगणक पाहतो की हे पुस्तक बाजारात कितीला चाललंय, किती वेगाने खपतंय, आपल्याकडे आधीच किती प्रती आहेत. लगेच निकाल: ठेवा किंवा टाका. स्कॅन करणाऱ्या माणसाने पुस्तक वाचलेलं असण्याची गरज नाही, लेखकाचं नाव ठाऊक असण्याचीही नाही. ठेवायचं ठरलेलं पुस्तक विषयवार लावत नाहीत. जिथे जागा मोकळी तिथे खुपसतात आणि जागेचा क्रमांक नोंदवतात. स्वयंपाकाच्या पुस्तकाशेजारी कॅल्क्युलस आणि त्यापलीकडे बायबल, असा शेजार. ग्रंथालयशास्त्र शिकलेल्याला घेरी येईल, पण माणूस क्रमांक बघून चालतो आणि चुकत नाही.

किंमतही यंत्रच ठरवतं. प्रतिस्पर्ध्याने एक सेंट कमी केला की आपणही कमी करायचा, असं शिकवलेली दोन यंत्रं समोरासमोर आली की भाव तळाला जातो. एक सेंटचं पुस्तक असंच जन्माला आलं. कधी उलटही होतं. २०११ साली मायकेल आयझेन या जीवशास्त्रज्ञाने ॲमेझॉनवर एक अजब प्रकार टिपला. माशीच्या वाढीवरच्या १९९२ मधल्या एका शास्त्रीय पुस्तकाची किंमत रोज चढत होती. एक विक्रेता दुसऱ्याच्या किमतीला ०.९९८३ ने गुणत होता, दुसरा पहिल्याच्या किमतीला १.२७०५८९ ने. भाव २,३६,९८,६५५.९३ डॉलरवर पोचला तेव्हा कुठे कुणा माणसाचं लक्ष गेलं. दुसऱ्या विक्रेत्याकडे बहुधा ते पुस्तक नव्हतंच. ऑर्डर आलीच तर पहिल्याकडून घेऊन पाठवायचं, हा बेत असावा, असा आयझेनचा कयास होता.

चाळणीतून जे खाली पडतं त्याचं काय? रीसायकलिंग हा शब्द ऐकायला स्वच्छ आहे, काम तितकं सोपं नाही. पुठ्ठा बांधणीचं पुस्तक तसंच लगद्याच्या टाकीत चालत नाही. पुठ्ठा आणि कापड फाडून काढावं लागतं, कण्याला लावलेला सरस वेगळा पडावा लागतो. तो कागदात राहिला तर गिरणीत चिकट ठिपके होऊन बसतो. पातळ मुखपृष्ठाच्या कादंबऱ्या त्यामानाने सरळ. लगद्याचा उपयोगही नेहमी कागदासाठीच होतो असं नाही: इंग्लंडमध्ये २००३ साली एम-६ टोल रस्त्याच्या डांबरात मिल्स अँड बूनच्या सुमारे २५ लाख प्रेमकथांचा लगदा मिसळला गेला. तंतूंमुळे डांबर-खडीचं मिश्रण धरून राहतं म्हणे.

हिरव्या पेट्या

झरा आणखी वाढवायला कंपनीने रस्त्याच्या कडेला, पार्किंगमध्ये पुस्तकं टाकण्यासाठी हिरव्या पेट्या ठेवल्या. आणि इथे पहिल्यांदा तिच्या मित्रांनीच भुवया उंचावल्या.

अमेरिकेत बहुतेक गावांत ग्रंथालयाचं मित्रमंडळ असतं. निवृत्त शिक्षक, गृहिणी वगैरे मंडळी लोकांनी दिलेली पुस्तकं निवडून वर्षातून एकदोन विक्रीमेळे भरवतात आणि पैसे ग्रंथालयाला देतात. धर्मादाय दुकानांचाही पुस्तकांवर बऱ्यापैकी गल्ला जमतो. पेटी आली की तीच देणगी पेटीत जाणार. शिवाय बेटर वर्ल्ड बुक्स ही नफा कमावणारी कंपनी होती, गुंतवणूकदारांचा पैसा घेतलेली. पेटीवरचं साक्षरतेचं आवाहन वाचून पुस्तक टाकणाऱ्या बाईला हे माहीत असेलच असं नाही. बी कॉर्प प्रमाणपत्र घेणाऱ्या अगदी पहिल्या कंपन्यांपैकी ती एक होती. म्हणजे भागधारकांबरोबर समाजाचाही हिशेब देण्याचं बंधन तिने आपणहून पत्करलं होतं. पण पेटीसमोर उभ्या माणसाला त्याचं काय.

माझ्या मते ग्रंथालयांच्या खोक्यांचा मार्ग निर्मळ होता, कारण देणारा ग्रंथपाल व्यवहार समजून उमजून देत होता. पेटीत तो समज गृहीत धरला गेला.

विकणं, उसनं देणं आणि कोर्ट

नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीची मालकी बेटर वर्ल्ड लायब्ररीज या ना-नफा संस्थेकडे गेली. तिचं नातं सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट अर्काइव्हशी, म्हणजे ब्रूस्टर केल यांनी १९९६ साली सुरू केलेल्या डिजिटल ग्रंथालयाशी. जुळणी उघड होती. एकीकडे रोज हजारो पुस्तकं नाकारणारी चाळणी, दुसरीकडे पानन् पान स्कॅन करण्यासाठी पुस्तकाची एक प्रत हवी असणारी संस्था. बाजारात एक सेंटला न खपणारं पुस्तक अर्काइव्हकडे नसेल तर तिच्या दृष्टीने मोलाचं. ते स्कॅन करायचं, छापील प्रत कॅलिफोर्नियातल्या रिचमंडच्या गोदामात कंटेनरमध्ये बंद करायची आणि डिजिटल प्रत एका वेळी एकाच वाचकाला उसनी द्यायची.

करोनाच्या टाळेबंदीत, मार्च २०२० मध्ये, अर्काइव्हने 'एका वेळी एक' ही अट काही आठवड्यांसाठी उठवली. १ जून २०२० ला अशेट, हार्परकॉलिन्स, पेंग्विन रँडम हाउस आणि जॉन वायली या चार प्रकाशकांनी दावा लावला. तक्रार फक्त उठवलेल्या अटीची नव्हती, स्कॅन करून उसनं देण्याच्या मूळ पद्धतीचीच होती.

यातलं वायली हे नाव जुन्या पुस्तकांच्या धंद्यातल्या लोकांना आधीपासून परिचित. थायलंडहून कॉर्नेल विद्यापीठात शिकायला आलेल्या सुपाप किर्टसेंगने मायदेशातल्या नातेवाइकांकडून वायलीच्या स्वस्त आशियाई आवृत्त्या मागवून ई-बेवर विकल्या होत्या. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात इंजिनिअरिंगची पुस्तकं घेतलेल्या कुणालाही या आवृत्त्या सांगायला नकोत. 'फक्त भारत, नेपाळ, श्रीलंका... येथे विक्रीसाठी' असं वर छापलेलं असतं. ज्युरीने किर्टसेंगवर ६ लाख डॉलर बसवले. पण मार्च २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल फिरवला. प्रत एकदा कायदेशीर विकली गेली की तिच्यावरचा प्रकाशकाचा हक्क संपला, मग ती जगात कुठेही छापलेली असो. निकाल उलटा गेला असता तर परदेशी छापलेलं प्रत्येक जुनं पुस्तक विकताना मिशावाकासारख्या गोदामांना परवानगी शोधत फिरावं लागलं असतं.

अर्काइव्हच्या खटल्यात मात्र वायलीची बाजू जिंकली. प्रत विकण्याचा हक्क मालकाला आहे, प्रतीची प्रत काढून देण्याचा नाही, हे न्यायाधीश जॉन कोल्टल यांच्या मार्च २०२३ च्या निकालाचं सार. त्यात बेटर वर्ल्ड बुक्सचा उल्लेख आला आहे. अर्काइव्हच्या पानावर पुस्तकाशेजारी 'बेटर वर्ल्ड बुक्समध्ये विकत घ्या' असं बटण होतं आणि त्यावरून खरेदी झाली की अर्काइव्हला थोडे पैसे मिळत. कोल्टल यांनी हा मोबदला व्यापारी हेतूच्या पुराव्यांत धरला. सप्टेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने वापर व्यापारी असल्याचं म्हणणं अमान्य केलं, पण निकाल प्रकाशकांच्याच बाजूने कायम ठेवला. अर्काइव्ह सर्वोच्च न्यायालयात गेली नाही. दरम्यान पाच लाखांहून जास्त पुस्तकं उसनवारीतून काढावी लागली.

लेखकाला या सगळ्यात काय मिळतं? जुन्या प्रतीच्या विक्रीतून कायद्याने काहीच नाही. २००२ सालीच अमेरिकेतल्या ऑथर्स गिल्ड या लेखकांच्या संघटनेने, नव्या पुस्तकाशेजारी जुनी प्रत दाखवणाऱ्या ॲमेझॉनला लेखकांनी आपल्या संकेतस्थळांवरून दुवे देऊ नयेत, असं आवाहन केलं होतं. फारसा उपयोग झाला नाही. इंग्लंडमध्ये वर्ल्ड ऑफ बुक्स आणि बुकबार्न या दोन जुन्या पुस्तकांच्या कंपन्यांनी २०२१ मध्ये आपल्या मिळकतीतून लेखकांना वाटा देण्याची योजना काढली. ती ऐच्छिक आहे आणि रक्कम लहान, पण इतकी वर्षं कुणी तेवढंही केलं नव्हतं.

आपल्याकडे

'असं मराठी पुस्तकांचं कुणी का करत नाही?' हा प्रश्न वाचकांच्या गटांत दर काही महिन्यांनी येतो. उत्तर वरच्या हिशेबातच आहे. बेटर वर्ल्ड बुक्स तीन पायांवर उभी आहे: फुकट माल, मलपृष्ठावरचा नंबर आणि १९३८ पासून अमेरिकेत पुस्तकांना मिळणारा टपालाचा सवलतीचा दर. मराठीत तिन्ही डळमळीत.

फुकट मालाचं पाहा. अमेरिकेत जुना कागद घरातून बाहेर काढणं हेच एक काम असतं. आपल्याकडे रद्दीवाला पैसे देऊन नेतो. म्हणजे कुठल्याही पुस्तकाची किंमत रद्दीच्या भावाखाली जातच नाही. १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणारी हजारो सार्वजनिक ग्रंथालयं महाराष्ट्रात आहेत, पण त्यांचं निर्लेखन म्हणजे ठराव, यादी, लेखापरीक्षण. दाखल नोंदवहीतलं पुस्तक कमी करण्यापेक्षा वाळवीच्या हवाली करणं पुष्कळ ग्रंथपालांना सोपं वाटतं, आणि त्यात त्यांचा दोष कमी, नियमांच्या धाकाचा जास्त. किलोवर इंग्रजी पुस्तकं विकणारी प्रदर्शनं पुण्या-मुंबईत भरतात. तिथल्या अनेक प्रतींवर परदेशी ग्रंथालयांचे 'विथड्रॉन' शिक्के असतात. तिकडच्या चाळण्यांखाली पडलेला माल तो, जहाजाने इकडे आलेला.

नंबराचं तर विचारूच नका. आयएसबीएन आपल्याकडे राजा राममोहन राय राष्ट्रीय एजन्सीकडून फुकट मिळतो, तरी ज्या जुन्या मराठी पुस्तकांना खरी मागणी आहे, म्हणजे पुन्हा न छापलेली संपादनं, गावोगावच्या छापखान्यांतून निघालेले संग्रह, साठ-सत्तरच्या दशकातल्या आवृत्त्या, त्यांवर तो नाहीच. स्कॅनर इथे आंधळा. मुंबईत फाउंटनच्या पदपथावरचा विक्रेता गठ्ठ्यातून हाताने जे काढतो तेच आपलं स्कॅनिंग, आणि ते ज्ञान त्याच्या डोक्यात आहे, संगणकात नाही. ऑनलाइन विकायचं तर प्रत्येक प्रतीचं शीर्षकपान पाहून लेखक, प्रकाशक, साल, आवृत्ती, गहाळ पानं, शिक्के टिपावे लागतात, फोटो काढावे लागतात. एका प्रतीला दहा-पंधरा मिनिटं सहज जातात, आणि ती प्रत बहुतेक वेळा एकुलती एक असल्याने विकली की केलेली मेहनतही संपली. मिशावाकात एकदा भरलेली माहिती हजारो प्रतींना पुरते. म्हणून जुनी मराठी पुस्तकं ऑनलाइन विकणारे लोक स्वस्त कादंबऱ्यांच्या वाट्याला फारसे जात नाहीत आणि दुर्मिळ प्रतींचे भाव चढे ठेवतात, यात नवल नाही.

राहिलं टपाल. डिसेंबर २०२४ मध्ये भारतीय टपालखात्याने रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद केलं तेव्हा छोट्या प्रकाशकांचं आणि विक्रेत्यांचं कंबरडं मोडायची वेळ आली. १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट ही सेवा सुरू झाली: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. नियतकालिकांना ती लागू नाही, म्हणजे जुन्या दिवाळी अंकांचा सगळा व्यवहार बाहेरच राहिला. मराठीत तो व्यवहार किती मोठा आहे हे दर ठरवणाऱ्यांना कुणी सांगितलं नसावं.

दराच्या या दोन टोकांत मात्र एक रस्ता दिसतो. एकच पातळ कवितासंग्रह पाठवला तर टपालाचे वीस रुपये त्या एकट्यावर बसतात. सरासरी साडेतीनशे ग्रॅमची तेरा पुस्तकं एका गठ्ठ्यात बांधली तर कर सोडून प्रत्येकी आठ रुपयांच्या आत काम होतं. एकेक प्रत विकण्याऐवजी एका लेखकाचा किंवा एका विषयाचा गठ्ठा ठरवून विकणाऱ्याला हा दर मानवेल, आणि फोटो-नोंदीची पंधरा मिनिटंही तेरा पुस्तकांत विभागली जातील.